पेय, पेला आणि प्रकृती

उलट्या आणि पोटदुखीची तक्रार घेऊन एखादा रुग्ण अपघात विभागात आला की डॉक्टरांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘काय खाल्ले होते?’ लग्नातील जेवण, शिळा भात, आदल्या दिवशीचे मासे अशी यादी नातेवाईक तत्परतेने देतात. ‘काय प्यायलात?’ हा दुसरा प्रश्न मात्र केवळ मद्यापुरता आहे असे समजले जाते आणि त्याचे उत्तर संकोचाने, पुष्कळदा अर्धवटच मिळते. ‘कशातून प्यायलात?’ हा तिसरा प्रश्न तर सहसा कोणी विचारीत नाही आणि कोणी आपण होऊन सांगतही नाही. वास्तविक काही प्रसंगी निदानाची किल्ली याच तिसऱ्या प्रश्नात दडलेली असते.

अलीकडच्या काळात मिश्रपेयांचे प्रस्थ वाढले आहे. मद्य, फळांचे रस, मसाले, बर्फ आणि सजावट यांच्या मिश्रणातून तयार होणारे ‘कॉकटेल’ पूर्वी मोठ्या हॉटेलांपुरते मर्यादित होते. आता त्याचे बिनमद्याचे भावंड, म्हणजे ‘मॉकटेल’, लग्नाच्या मांडवात आणि लहान मुलांच्या वाढदिवसातही दिसते. चकाकणारा तांब्याचा पेला, त्यातून निघणारा पांढरा धूर, काठावर खोचलेले फूल हे सारे पाहण्यास मोहक असते. मद्याचे दुष्परिणाम सर्वश्रुत आहेत. त्यांची पुनरुक्ती करणे हा या लेखाचा हेतू नाही. पेयात घातलेल्या आणि पेयाला स्पर्श करणाऱ्या ज्या वस्तूंकडे कोणी संशयाने पाहत नाही, त्यांचा विचार येथे करावयाचा आहे.

या विषयाचे सार एका वाक्यात सांगता येईल. यांतील बहुतेक वस्तू एकेकट्या निरुपद्रवी असतात. धोका असतो तो त्यांच्या संयोगात. लिंबू निर्दोष आणि तांबेही निर्दोष, परंतु दोघांचा सहवास निर्दोष नाही. फळाचा रस हितकर आणि औषधही हितकर, परंतु एकत्र आल्यावर ती दोन्ही हितकर राहतीलच असे नाही.

आंबट आणि तांबे

‘मॉस्को म्यूल’ नावाचे एक प्रसिद्ध कॉकटेल आहे. नाव रशियन असले तरी ते १९४० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेत उदयास आले. व्होडका, आल्याचे फसफसणारे पेय आणि लिंबाचा रस यांचे हे मिश्रण तांब्याच्या पेल्यातून देण्याची प्रथा पडली आणि तो पेलाच त्याची ओळख बनला. जुलै २०१७ मध्ये अमेरिकेतील आयोवा राज्याच्या मद्यनियंत्रण विभागाने या पेल्यासंबंधी एक सूचना प्रसृत केली. तेथील आदर्श अन्नसंहितेनुसार ज्या पदार्थाचा ‘पीएच’ ६ पेक्षा कमी आहे, त्याचा तांब्याशी प्रत्यक्ष संपर्क येता कामा नये. मॉस्को म्यूलचा पीएच त्याहून पुष्कळच कमी असतो. म्हणून पेल्याला आतून निकेल किंवा स्टेनलेस स्टीलचे अस्तर असावे, असे त्या सूचनेत सांगितले होते.

पीएच हे आम्लता मोजण्याचे माप आहे. शुद्ध पाण्याचा पीएच ७ असतो. हा आकडा एकाने उतरला की आम्लता दहापट वाढते. लिंबाच्या रसाचा पीएच २ च्या आसपास असतो. यावरून त्याच्या तीव्रतेची कल्पना येईल. असे आम्ल तांब्याच्या पृष्ठभागावर आले की धातूचे सूक्ष्म कण द्रवात विरघळू लागतात. पेय जितके आंबट आणि ते भांड्यात जितका अधिक वेळ राहील, तितके तांबे अधिक उतरते. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे २ मिलिग्रॅमपेक्षा अधिक तांबे असू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेचे मार्गदर्शन आहे. मर्यादेहून पुष्कळ अधिक तांबे एकदम पोटात गेल्यास तोंडाला धातूची चव येणे, मळमळ, उलट्या, पोटात कळा आणि जुलाब अशी लक्षणे थोड्याच वेळात दिसतात. बहुधा ती आपोआप शमतात. त्यामुळेच ‘काहीतरी बाधले’ एवढ्यावर विषय संपतो आणि मूळ कारण भांड्यातच राहून जाते.

येथे न्यायबुद्धीने हेही नमूद केले पाहिजे की, तांब्याच्या पेल्यातून एकदा पेय घेतले आणि ते लगेच संपविले, तर विषबाधा होईलच असे नाही. धोका वाढतो तो पेय तासन्‌तास तसेच ठेवल्यास, आतील अस्तर झिजलेले असल्यास, किंवा हा प्रकार रोजचाच झाल्यास.

ही गोष्ट आपल्याला अमेरिकेकडून शिकण्याची खरे तर आवश्यकता नव्हती. मराठीत ‘कळकणे’ असे एक स्वतंत्र क्रियापदच आहे. कल्हई नसलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यात ताक, आमटी किंवा चिंचेचे सार राहिले की ते ‘कळकले’ असे आपल्या आजी-पणजी म्हणत आणि ते निःशंकपणे ओतून देत. त्यांना रसायनशास्त्र ठाऊक नव्हते. परंतु आंबट पदार्थ आणि उघडा धातू यांचे वैर त्यांनी अनुभवाने ओळखले होते. म्हणूनच गल्लीत कल्हईवाल्याची हाक ऐकू आली की घरोघरची पातेली बाहेर निघत. भाता, निखारे आणि नवसागर यांच्या साहाय्याने तो भांड्याच्या आतून कथलाचा पातळ थर चढवी. हा थर म्हणजेच आजच्या भाषेतील ‘अस्तर’ होय. मात्र कल्हईसाठी शुद्ध कथिलच वापरले पाहिजे. स्वस्ताईसाठी त्यात शिसे मिसळले गेल्यास एक संकट टाळताना दुसरे ओढवून घेतल्यासारखे होते.

आज कल्हईवाला दुर्मीळ झाला आहे आणि तांबे मात्र नव्या दिमाखाने घरात परतले आहे. तांब्याच्या भांड्यात ठेवलेले साधे पाणी पिण्याची प्रथा जुनी आहे व स्वच्छ भांड्याच्या बाबतीत तीत सहसा आक्षेपार्ह काही नाही. परंतु त्याच बाटलीत कोमट पाणी, लिंबू आणि मध घालून ती दिवसभर सोबत बाळगणारी मंडळी आता आढळतात. समारंभात शोभा म्हणून कोकम सरबत, पन्हे किंवा मठ्ठा तांब्या-पितळेच्या पिंपांत भरून ठेवला जातो. ही सर्व पेये आंबट आहेत, हे लक्षात घ्यावे. जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी बादलीत लिंबू सरबत कालवणे हेही तितकेच अयोग्य होय. आम्लाने जस्तही विरघळते आणि त्यामुळेही उलट्या होतात.

पुण्यातील एक धडा

भांड्यातून पोटात जाणारे तांबे हा केवळ मळमळीचा प्रश्न आहे, असे कोणी समजू नये. विसाव्या शतकात भारतातील अनेक घरांना एका विचित्र आजाराने ग्रासले होते. सहा महिन्यांपासून साधारण पाच वर्षांपर्यंतच्या बालकांचे यकृत कठीण होत जाई, पोट फुगे, कावीळ होई आणि बहुतेक बालके दगावत. वैद्यकीय ग्रंथांत या आजाराला ‘इंडियन चाइल्डहूड सिरॉसिस’ असे नाव मिळाले. एकाच घरात एकापाठोपाठ एक अशी भावंडे त्याला बळी पडत. त्यामुळे तो आनुवंशिक असावा अशी शंका घेतली जाई. नशीब आणि दृष्ट यांनाही बोल लावला जाई.

या बालकांच्या यकृतात तांब्याचे प्रमाण अतिशय वाढलेले आढळत होते. ते आले कोठून? पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. आनंद पंडित व त्यांचे सहकारी आणि ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ डॉ. स्टुअर्ट टॅनर यांनी या प्रश्नाचा पाठपुरावा केला. १९८३ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधाने बोट ठेवले ते स्वयंपाकघरातील एका साध्या वस्तूवर. तान्ह्या बाळाला लवकर वरचे दूध सुरू केले जाई आणि ते दूध कल्हई नसलेल्या पितळेच्या किंवा तांब्याच्या भांड्यात तापवून ठेवले जाई. दूध आंबट नसते, तरीही त्यातील प्रथिने तांबे धरून ठेवतात. बाळाचे कोवळे यकृत हा भार पेलू शकत नसे.

पुढे या आजारावर तांबे शरीराबाहेर काढणाऱ्या औषधाचा उपयोग झाला. वेळेवर निदान झालेली काही मुले त्यामुळे वाचली. परंतु खरी क्रांती झाली ती भांडे बदलल्याने. पितळेच्या जागी स्टेनलेस स्टील आले, मातांना सल्ला मिळू लागला आणि काही वर्षांतच हा आजार इतका विरळ झाला की आजच्या तरुण डॉक्टरांपैकी अनेकांनी त्याचा एकही रुग्ण पाहिलेला नसेल. ना लस, ना शस्त्रक्रिया. एक पातेले बदलले आणि पुढची मुले वाचली. ‘कशातून?’ हा प्रश्न किती मोलाचा असतो, याचे याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण आहे.

झळाळत्या काचेतील शिसे

दिवाणखान्यातील काचेच्या कपाटात ठेवलेली कटग्लासची सुरई आणि नक्षीदार पेले ही प्रतिष्ठेची खूण मानली जाते. या काचेला वजन, चमक आणि टिचकी मारल्यावर उमटणारा मंजुळ नाद प्राप्त होतो तो अनेकदा तिच्यातील शिशामुळे. युरोपीय नियमांनुसार ‘लेड क्रिस्टल’ म्हणविणाऱ्या काचेत किमान २४ टक्के शिशाचे ऑक्साइड असते. अशा पेल्यातून अर्ध्या तासात संपणाऱ्या पेयात फारच थोडे शिसे उतरते. परंतु त्याच काचेच्या सुरईत मद्य महिनोन्‌महिने साठविले तर चित्र पालटते.

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील ग्राझियानो आणि ब्लुम या संशोधकांनी १९९१ मध्ये यासंबंधीची मोजमापे प्रसिद्ध केली. सुरईत भरण्यापूर्वी ज्या ‘पोर्ट’ मद्यात लिटरमागे ८९ मायक्रोग्रॅम शिसे होते, त्यातील प्रमाण चार महिन्यांत साडेतीन हजार मायक्रोग्रॅमच्या पुढे गेले. पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक मर्यादा १० मायक्रोग्रॅम आहे, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्याचे गांभीर्य कळेल.

शिशाला चव नाही, वास नाही आणि त्याचे परिणामही संथ असतात. पोटात वारंवार कळ येणे, बद्धकोष्ठ, रक्तक्षय, रक्तदाब वाढणे, हातापायांच्या नसा दुबळ्या होणे, मूत्रपिंडांना इजा ही मोठ्यांमधील लक्षणे होत. मुलांमध्ये बुद्धीच्या वाढीवर परिणाम होतो आणि तो भरून येत नाही. शिशाची निर्धोक अशी कोणतीही पातळी ज्ञात नाही, ही आजची शास्त्रीय भूमिका आहे.

इतिहासातही याचे उदाहरण आहे. अठराव्या शतकात इंग्लंडमधील डेव्हन परगण्यात सफरचंदाचे आंबवलेले पेय पिणाऱ्या लोकांना पोटशूळाने आणि हातांच्या लुळेपणाने पछाडले होते. जॉर्ज बेकर या वैद्याने १७६७ मध्ये याचा उलगडा केला. दोष पेयाचा नव्हता. सफरचंदे पिळण्याच्या घाण्यांमध्ये शिसे वापरलेले होते आणि आंबट रस ते विरघळवीत होता. पुन्हा तेच सूत्र : आंबट, धातू आणि वेळ.

काचेच्या पेल्याच्या बाहेरील बाजूस केलेल्या रंगीत नक्षीकडेही लक्ष द्यावे. काही रंगांत शिसे आणि कॅडमियम असते. ओठ जेथे टेकतात त्या काठापर्यंत नक्षी आलेली असल्यास आणि तिचे पोपडे निघत असल्यास तो पेला शोभेपुरताच ठेवावा.

धुराचे पेय

समारंभात मुलांचे सर्वाधिक आकर्षण असते ते धूर सोडणाऱ्या पेल्याचे. हा धूर दोन प्रकारे निर्माण करतात. एक म्हणजे ‘ड्राय आइस’. हा घनरूप कार्बन डायऑक्साइड असून त्याचे तापमान उणे ७८ अंश सेल्सिअसच्या आसपास असते. दुसरा म्हणजे द्रवरूप नायट्रोजन. त्याचे तापमान उणे १९६ अंश. घरातील शीतपेटीचा बर्फाचा कप्पा साधारणपणे उणे १८ अंशांवर असतो, यावरून या दोहोंच्या दाहकतेची कल्पना करता येईल. ‘दाहकता’ हा शब्द येथे मुद्दामच वापरला आहे, कारण अतिथंड वस्तू मांसपेशी जाळते ती जवळजवळ निखाऱ्यासारखीच.

दिसणारा धूर हा मुख्य धोका नव्हे. धोका आहे तो पेल्यात शिल्लक राहिलेल्या द्रवाचा वा तुकड्याचा. द्रवरूप नायट्रोजनचा वायू झाला की त्याचे आकारमान सुमारे सातशे पटींनी वाढते. दोन चहाचे चमचे, म्हणजे १० मिलिलिटर, द्रव पोटात गेला तर त्यापासून सुमारे सात लिटर वायू तयार होईल. माणसाच्या जठरात सुखाने मावते ते लिटर-दीड लिटर. एकीकडे थंडीने जळणारे अस्तर आणि दुसरीकडे आतून फुगविणारा वायू अशा दुहेरी माऱ्याने जठर फाटू शकते.

ही केवळ कल्पना नाही. २०१२ मध्ये इंग्लंडमधील लँकेस्टर येथे अठरावा वाढदिवस साजरा करणाऱ्या एका तरुणीने असे पेय घेतले आणि तिचे प्राण वाचविण्यासाठी शल्यचिकित्सकांना तिचे जठर काढून टाकावे लागले. संबंधित मद्यगृहास २०१५ मध्ये न्यायालयाने एक लाख पौंडांचा दंड ठोठावला. २०१७ मध्ये दिल्ली परिसरातही एका तरुणाच्या जठराला याच कारणाने छिद्र पडले. त्यानंतर हरियाणा शासनाने खाद्यपेयांतील द्रवरूप नायट्रोजनच्या वापरावर बंदी घातली. मार्च २०२४ मध्ये गुरुग्राम येथील एका उपाहारगृहात जेवणानंतर मुखशुद्धी म्हणून चुकून ड्राय आइस दिला गेला आणि तो तोंडात टाकणाऱ्यांना रक्ताच्या उलट्या झाल्या.

ड्राय आइसचा तुकडा पेयात तळाशी बसतो आणि साध्या बर्फासारखाच दिसतो. मूल पेय संपविताना तो चोखते किंवा गिळते. म्हणून धूर पूर्णपणे थांबेपर्यंत पेला तोंडाला लावू नये, आणि लहान मुलांच्या हाती असा पेला मुळीच देऊ नये. ड्राय आइस बाटलीत किंवा डब्यात घालून झाकण लावल्यास स्फोट होतो. बंद खोलीत किंवा मोटारीत तो मोठ्या प्रमाणात ठेवल्यास त्याचा वायू खाली साचून गुदमरण्याचा संभव असतो.

औषधाशी गाठ

ग्रेपफ्रूट हे पपनसाच्या कुळातील परदेशी फळ आता आपल्याकडील मिश्रपेयांतही दिसू लागले आहे. या फळाचा औषधांशी असलेला संबंध केवळ योगायोगाने उघडकीस आला. कॅनडातील संशोधक रक्तदाबावरील फेलोडिपिन या औषधावर मद्याचा काय परिणाम होतो, हे तपासत होते. मद्याची चव लपविण्यासाठी त्यांनी ग्रेपफ्रूटचा रस वापरला. आणि रक्तातील औषधाचे प्रमाण अपेक्षेपेक्षा कितीतरी अधिक वाढलेले आढळले. दोषी ठरला तो मद्य नव्हे, तर रस. १९८९ मध्ये हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला.

आपल्या आतड्याच्या अस्तरात काही औषधांचे विघटन करणारे विकर असते. पोटात घेतलेल्या गोळीचा काही अंश रक्तात पोहोचण्यापूर्वीच ते नष्ट करते आणि डॉक्टर मात्रा ठरवितात ती हे गृहीत धरूनच. ग्रेपफ्रूटमधील द्रव्ये या विकराला निकामी करतात. परिणामी एका गोळीतून अनेक गोळ्यांइतके औषध रक्तात जाऊ शकते. हा प्रभाव एक ते तीन दिवस टिकतो. त्यामुळे गोळी सकाळी आणि रस रात्री घेतला तरी सुटका नाही. सिम्व्हास्टॅटिनसारखी कोलेस्टेरॉलवरील औषधे, रक्तदाबाची काही औषधे आणि मूत्रपिंड प्रत्यारोपणानंतर घ्यावी लागणारी सायक्लोस्पोरिन व टॅक्रोलिमस ही औषधे यात मोडतात. पपनसातही अशीच द्रव्ये असतात. ही औषधे घेणाऱ्यांनी या फळांविषयी आपल्या डॉक्टरांना अवश्य विचारावे.

‘टॉनिक वॉटर’ या नावानेही गैरसमज होतो. मराठी घरात टॉनिक म्हणजे शक्तिवर्धक औषध. या पाण्यात मात्र शक्ती देणारे काही नसून कडवटपणासाठी घातलेले कोयनेल असते. हिवतापावरील हे औषध सिंकोना वृक्षाच्या सालीपासून मिळते. बाजारातील बाटलीत त्याचे प्रमाण अल्प असते. अमेरिकेत लिटरमागे ८३ मिलिग्रॅमची मर्यादा आहे. परंतु सालीची भुकटी आणून घरी अर्क काढण्याच्या हौसेला असे माप राहत नाही. मात्रा अधिक झाल्यास कानात गुणगुण, मळमळ, अंधूक दिसणे ही लक्षणे उद्भवतात. काही मोजक्या व्यक्तींना तर अल्प मात्राही सोसत नाही. त्यांच्या रक्तातील बिंबिका एकाएकी घटतात आणि त्वचेवर जांभळे ठिपके उमटतात. १९६७ मध्ये अमेरिकेतील एका वैद्यकीय नियतकालिकाने अशा रुग्णाची नोंद ‘कॉकटेल परप्युरा’ या नावाने प्रसिद्ध केली होती.

काळ्याभोर रंगासाठी पेयात सक्रियित कोळशाची पूड घालण्याची टूम मध्यंतरी निघाली. हाच कोळसा आमच्यासारख्या रुग्णालयांच्या अपघात विभागात विषबाधेवर वापरला जातो, कारण तो पोटातील रासायनिक द्रव्ये शोषून घेतो. तो विष आणि औषध असा भेद जाणत नाही. हृदयविकार, फेफरे किंवा संततिनियमन यांसाठी घेतलेल्या गोळीसोबत तो पोटात गेल्यास गोळी निष्फळ ठरू शकते. न्यूयॉर्क शहराच्या आरोग्य विभागाने २०१८ मध्ये खाद्यपेयांतील त्याच्या वापरावर कारवाई केली.

लिंबू, फूल आणि बर्फ

कडक उन्हात लिंबे पिळणाऱ्याच्या हातांवर एक-दोन दिवसांनी भाजल्यासारखे फोड येतात आणि नंतर काळे डाग राहतात. कागदी लिंबाच्या सालीतील काही द्रव्ये त्वचेवर असताना सूर्याचे अतिनील किरण पडले की हा दाह होतो. मुलांच्या अंगावर असे डाग दिसले की मारहाणीचा वा चटक्याचा संशयही घेतला जातो. साबणाने हात धुऊन मगच उन्हात जावे, एवढाच त्यावरील उपाय.

पेल्यावर खोचण्यासाठी अंगणातील कोणतेही फूल चालत नाही. कण्हेर, बिट्टी आणि धोतरा ही देवपूजेत चालणारी फुले पोटात मात्र घातक आहेत. कण्हेर व बिट्टीतील द्रव्यांमुळे हृदयाचे ठोके बिघडतात. फुलाचा देठ पेयात बुडालेला असेल, तर ‘फूल खाल्ले नाही’ हे समाधानही पुरेसे नाही.

बर्फाबाबत दोनच गोष्टी सांगतो. महाराष्ट्रात अखाद्य, म्हणजे मासे वगैरे टिकविण्यासाठीचा, बर्फ निळसर रंगाचा असावा असा नियम २०१८ मध्ये लागू झाला. तो रंग दिसल्यास पेय नाकारावे. तसेच बर्फाच्या भांड्यात काचेचा पेला बुडवून बर्फ काढू नये. पेल्याचा टवका उडाला तर बर्फात काच दिसत नाही. असा टवका उडाल्यास सर्व बर्फ टाकून द्यावा.

बाटलीतील चोर

सर्वांत भीषण धोका मात्र भेसळयुक्त मद्यातील मिथेनॉलचा. जून २०१५ मध्ये मुंबईतील मालाडच्या मालवणी वस्तीत विषारी दारूने शंभरहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्यांतील बहुतेक कष्टकरी होती. नोव्हेंबर २०२४ मध्ये लाओस देशातील वांग विएंग या पर्यटनस्थळी सहा परदेशी पर्यटक याच विषाने दगावले. हातभट्टी असो वा परदेशातील पर्यटनस्थळ, विष गरीब-श्रीमंत असा भेद करीत नाही.

मिथेनॉल चवीने ओळखता येत नाही, आणि फळांचे रस व साखर मिसळल्यावर तर नाहीच. यकृतात त्याचे रूपांतर फॉर्मिक आम्लात होते आणि हे आम्ल दृष्टीच्या मज्जातंतूवर आघात करते. फसवी बाब ही की, प्रारंभी साधी नशा वाटते, मधले काही तास बरे जातात आणि बारा ते चोवीस तासांनी डोकेदुखी, उलट्या, धाप आणि धुक्यातून पाहिल्यासारखे अंधूक दिसणे सुरू होते. ‘उतरली नाही’ म्हणून अशा माणसाला झोपवून ठेवणे म्हणजे त्याचे प्राण धोक्यात घालणे होय. वेळेवर आल्यास प्रतिविष आणि डायलिसिस यांच्या साहाय्याने जीव आणि दृष्टी वाचू शकतात.

काय करावे?

१. आंबट पेये काच, स्टेनलेस स्टील किंवा चांगल्या चिनी मातीच्या भांड्यांतच करावीत व ठेवावीत. तांब्याच्या बाटलीत साध्या पाण्याशिवाय काही घालू नये.

२. मद्य किंवा सरबत कटग्लासच्या सुरईत साठवून ठेवू नये. गरोदर स्त्रिया व मुले यांच्यासाठी असे पेले वापरू नयेत.

३. समारंभाचे कंत्राट देताना ‘धुराचे पेय नको’ असे आधीच स्पष्ट सांगावे.

४. नियमित औषधे घेणाऱ्यांनी ग्रेपफ्रूट, टॉनिक वॉटर व कोळशाची पेये यांबाबत डॉक्टरांना विचारावे.

५. अतिथंड पदार्थ गिळला गेल्यास किंवा मद्यानंतर दिसणे अंधूक झाल्यास घरगुती उपाय करू नयेत, उलटी करविण्याचा प्रयत्न करू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी व थेट रुग्णालय गाठावे.

६. येताना शक्य असल्यास उरलेले पेय, बाटली आणि भांडे सोबत आणावे.

शेवटची सूचना क्षुल्लक वाटेल. पण आमच्या दृष्टीने तीच सर्वांत महत्त्वाची आहे. रुग्णाने काय घेतले हे नातेवाइकांनी लाजेपोटी लपविले की डॉक्टर अंधारात चाचपडत राहतात, आणि विषबाधेत हा वाया गेलेला वेळच जीव घेतो. रुग्णालयाच्या दारात कोणाच्या चारित्र्याची परीक्षा होत नसते. तेथे फक्त उपचार होत असतात. मद्य घेतले असल्यास तसे सांगावे, कोठून आणले तेही सांगावे.

पुण्यातील संशोधकांनी चार दशकांपूर्वी मातांना विचारलेला प्रश्न साधाच होता : बाळाचे दूध कशात तापविता? त्या एका प्रश्नाने अनेक पाळणे रिकामे होण्यापासून वाचले. पेला हाती घेताना आपणही तो प्रश्न स्वतःला विचारावा, आणि रुग्णालयात आल्यावर आम्ही तो विचारला तर त्याचे मोकळेपणाने उत्तर द्यावे, एवढीच आमची विनंती आहे.